झीलकऱ्यामागची झील

“तात्या, पहिल्यांदा पोवाड्याला कधी उभे राहिलात?”

“कधी उभे राहिलात हो जी जी!” तात्यांनी सूर ओढला.

कॉफीहाऊस खदखदून हसलं. केतकीने कपाळावर हात मारला. शाहिराच्या आठवणी सगळ्यांनी टिपल्या होत्या. जन्मभर त्याच्या मागे उभं राहून, ओळीचे शेवटचे शब्द उचलत झील धरणाऱ्या धोंडीतात्यांना आजवर कुणी काही विचारलंच नव्हतं. तिला आज त्यांचीच गोष्ट हवी होती.

“माझ्या प्रश्नाचं शेपूट काय धरताय? स्वतःचं सांगा की!”

“सांगेन गं. पण माझ्यामागं झील कोण धरणार? तुझं हे यंत्र?”

केतकीने रेकॉर्डर टेबलावर ठेवला, तात्यांच्या मागे जाऊन उभी राहिली आणि कानावर हात ठेवून किंचाळली, “जी जी रं जी!”

गल्ल्यावरच्या शेट्टींनी डफासारखा ट्रे बडवला.

तात्या ताडकन उठून एक पाऊल पुढे आले. “मी धोंडी! म्हशी सोडून पळालो...”

“पळालो हो जी जी!” अख्खं कॉफीहाऊस ओरडलं.

तेवढ्यात दार ढकलून एकाने बिचकत विचारलं, “कॉफी मिळेल?”

“मिळेल हो जी जी!”

झील धरली नाही ती फक्त तात्यांनी. ते अजून म्हशींपाशीच होते, आणि सांगायचं पुष्कळ राहिलं होतं.