गॅस बंद केलात ना?

बोट सुटली आणि समोरच्या बंदरावरचं हॉस्पिटल दिसायला लागलं, तसा त्यांनी पिशवीचा पट्टा मुठीत आवळला. उद्या तिथेच त्यांचं ऑपरेशन होतं.

"अहो, गॅस बंद केलात ना?" शेजारी बसलेल्या बायकोने एकदम विचारलं.

"मी? मी कधी ओट्यापाशी जातो?"

"म्हणजे चालूच राहिला! बोट वळवायला सांगा ना."

"अगं, वळवायला ही काय आपली स्कूटर आहे? केला असशील बंद."

"आठवतच नाही हो. घर पेटलं तर?"

तिचा रडवेला चेहरा बघून त्यांनी पिशवी खाली ठेवली, तिचा हात हातात घेतला आणि ते तिला सकाळची एकेक गोष्ट पहिल्यापासून आठवून बघायला लावू लागले. चहा उतरवला असशील, बटण फिरवलं असशील, मग ओटा पुसला असशील. बोट पलीकडच्या धक्क्याला लागेपर्यंत त्यांचं तिची समजूत घालणं चाललं होतं. हॉस्पिटलकडे बघायचं राहूनच गेलं.

"किती घाबरतेस गं! तुझं काही खरं नाही," उतरताना ते हसून म्हणाले.

"आहेच मी घाबरट," ती डोळे पुसत म्हणाली.

त्यांचा सकाळचा चहा तिने शेजारणीच्या शेगडीवर करून आणला होता. घरातला सिलिंडर आदल्या रात्रीच संपला होता.