बुधवारचं वाटाण्याचं सूप

मनावर उपचार घेणाऱ्यांसाठी हिल्का रोज वस्तीच्या स्वयंपाकघरात फुकट जेवण रांधायची. बारा वर्षांत कधी चुकली नाही, पण त्या दिवशी वाटाण्याचं सूप बुधवारीच चुलीवर चढलं. फिनलंडात ते गुरुवारचं, हे तळ्यातल्या माशांनाही ठाऊक. तिथे उपचार घेणारा ताइस्तो मात्र वर्षभर पुढ्यात येईल ते मुकाट गिळायचा. ना वाराची शुद्ध, ना चवीची. त्याच्या तोंडून एक शब्द निघावा म्हणून हिल्काने काय काय शिजवून पाहिलं होतं! आज पहिल्या घोटालाच त्याने चमचा असा आपटला, की बाहेरच्या बर्फाला तडा गेला. “अगं वेंधळे, आज बुधवार! वाटाणे उद्या असतात! आणि सुपात घालायची वाटलेली मोहरी कुठाय?” हिल्का पळीसकट नाचायला लागली. “बोलला! मेला भांडतोय माझ्याशी!” “नाचतेस काय? उद्या हेच पुन्हा नीट कर,” ताइस्तो गुरगुरला. “मी सकाळपासूनच इथे चुलीपाशी पहाऱ्याला बसतो.”