भरल्या लाइनीवर

“मीटरचा हिरवा दिवा पाहून लाइन पास करू नकोस, पोरी. भरल्या लाइनीवर डोळ्यांनी बघ.” इंटरनेटच्या लाइनी टाकायचं काम तिला शिकवणाऱ्या काकांनी नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. तिने ते हसण्यावारी नेलं. मीटरला खोटं बोलून काय मिळणार होतं?

आज तेच काका दीड तासाच्या अंतरावरच्या छोट्या दवाखान्यात, लाइनीच्या त्या टोकाला फोन कानाला लावून उभे होते. ती या टोकाला, मोठ्या हॉस्पिटलात. शेजारी हृदयाच्या डॉक्टरीणबाई, हाताची घडी घालून. त्यांचं म्हणणं सरळ होतं. तिथल्या नवजात बाळाच्या हृदयाचं चित्र इथे न अडखळता दिसणार असेल, तर आज लाइन पास झाल्याच्या कागदावर सही. नाहीतर बाळं पूर्वीसारखीच रुग्णवाहिकेतून इथवर आणायची.

चाचणीसाठी काहीतरी हलतं हवं होतं. काकांनी कॅमेरा पंख्यावर धरला. तिने नको म्हटलं. फिरता पंखा क्षणभर अडखळला तरी कुणाला कळतंय? तिचं घर त्या छोट्या दवाखान्याच्या मागेच. सासूबाई सहा महिन्यांच्या नातीला घेऊन आल्या, तिथल्या खाटेवर तिला थोपटून झोपवलं आणि कॅमेऱ्याकडे बघून कुजबुजल्या, की परीक्षा लाइनीची आहे, माझ्या पोरीला कुणी उठवलंत तर याद राखा.

पडद्यावर इवलीशी छाती वरखाली होऊ लागली.

तिने लाइनीवर खोटी गर्दी, म्हणजे नुसता भरतीचा डेटा, सोडायला सुरुवात केली. अर्धी भरली. पाऊण भरली. मग काठोकाठ. मीटर हिरवंच. काकांनी तिथले आकडे वाचून दाखवले, सगळे चोख. डॉक्टरीणबाईंनी पेन काढलं.

“थांबा,” ती म्हणाली. “श्वास अडकला.”

“मला तर काही दिसलं नाही.”

“सहा महिने रोज बघतेय मी. हा तिचा श्वास नाही.”

फोनवरून सासूबाईंनी कळवलं, की बाळ गाढ झोपलंय, तूच जरा श्वास घे.

म्हणजे अडकलं होतं ते चित्र. ती शोधत बसली, आणि चूक तिचीच निघाली. गर्दीत चित्राला आधी वाट द्यायची, हे तिने या टोकाच्या यंत्राला सांगितलं होतं. चित्र निघत होतं त्या टोकाहून. तिथल्या यंत्राला सांगायचं राहूनच गेलं होतं. मीटर बिचारं सरासरी मोजत होतं, क्षणभराचं अडकणं त्यात दिसतच नव्हतं.

दुरुस्ती झाली. लाइन पुन्हा काठोकाठ. पाच मिनिटं दोघी पडद्याला डोळे लावून बसल्या. छाती वर, छाती खाली. मग डॉक्टरीणबाईंनी आणखी काही न विचारता सही केली.

“मीटर काय म्हणतंय?” काकांनी मुद्दाम विचारलं.

“बघितलंच नाही, काका.”

मग काका अख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल असं म्हणाले, “हिला मी शिकवलंय.” त्या आवाजाने पोरगी जागी झाली आणि तिने भोकाड पसरलं. भरल्या लाइनीतून ते कुठेही न तुटता आलं. या टोकाला तिच्या आईची मान ताठ झाली.

ज्याचा श्वास तुम्ही ओळखता असं कुणी तुमच्याही घरात आत्ता झोपलं असेल. सगळं ठीकच असेल. तरी जरा उठून बघून या.