मागचा शॉकअप

"मागचा शॉकअप मऊच ठेव, दादा. गाडी पटकन सुटते," हेल्मेट चढवताना तेजल म्हणाली.

गेल्या शर्यतीत संग्रामने मऊच ठेवला होता. सुटतानाच पुढचं चाक उचललं आणि गाडी बहिणीच्या अंगावर उलटली. या वेळी तिला न विचारताच त्याने शॉकअपची स्प्रिंग कडक केली होती.

गाडीवर बसताच तिला कळलं. "कडक केलीस?"

"हो." तो म्हणाला. "तुला परत तसं उचलून न्यायची ताकद नाही माझ्यात."

ती गाडी सुरुवातीच्या रेषेवर घेऊन गेली. हिरवा दिवा लागला. पुढचं चाक जमिनीवरच राहिलं, पण शर्यत हातची गेली.

आता ही चिडणार, या धास्तीने संग्राम धावत तिच्यापाशी पोचला. तेजलने हेल्मेट काढलं.

"बरं केलंस," ती म्हणाली. "भीती वाटते हे सांगायचा मला धीर होत नव्हता."