धुराडं तुंबलंय

बुडापेस्टमधल्या त्या जुन्या इमारतीत धुराडी साफ करायला आलेल्या देझ्योला पिरोश्का आजींनी जिन्यातच गाठलं.

“आधी माझं बघ. तुंबलंय.”

“धूर कोंडतो?”

“धूर कुठला! शेगडी कधीच काढली. त्यातून खालच्या घरातला आवाज येईनासा झालाय. तिथली छोटी इल्का सूप पीत नाही, म्हणून बाप तिला रोज गोष्ट सांगतो. कोल्ह्याचं पुढे काय झालं, कळायला नको?”

“आजी, धुराडं आहे की रेडिओ?” देझ्योला हसू आलं. “ओळखीचे आहेत का?”

“छे! तोंडसुद्धा पाहिलं नाही कधी.”

छपरावरून दोर सोडून, खालच्या मजल्यावर डोकावून तो परत आला.

“धुराडं मोकळं आहे, आजी. खालचं बिऱ्हाडच घर सोडून गेलंय.”





“मला न सांगताच?”