नाव कमी करताना

उपासना संपली तरी नव्या पाळकसाहेबांनी कुणाला उठू दिलं नाही. मतदान दोन महिन्यांवर आलं होतं. बायबल मिटून त्यांनी मतदारयादी उघडली. "नाव आलं की 'आहे' म्हणा. मंडळीतलं एकही मत घरी बसता कामा नये."

"शांताराम यशोबा पाडळे," त्यांनी वाचलं. कुणीच ओ दिली नाही. असा कुणी आपल्यात नाही, म्हणून ते पुढच्या नावाकडे वळले.

सगळे जेवायला घरी गेले. सलोमीबाई तेवढ्या मागं राहिल्या. घरी त्यांची वाट बघणारं कुणी नव्हतं. "साहेब, ते पाडळे म्हणजे आमचे हे. सरकारनं नाव चुकीचं छापलंय. चार वर्षं झाली त्यांना जाऊन."

"मग नाव कमी करायला हवं, आजी. नाहीतर त्यांच्या नावावर दुसराच कुणी मत टाकील." पाळकसाहेबांनी फॉर्म काढला. "खरं नाव काय त्यांचं?"

सलोमीबाईंनी पदर तोंडाशी धरला. एक्कावन्न वर्षांचा संसार झाला, पण 'अहो'च्या पुढं त्या कधी गेल्या नव्हत्या. लग्नातसुद्धा लाजून उखाणा गिळला होता.

"शांतवन," त्या पुटपुटल्या.

"ऐकू आलं नाही. जरा मोठ्यानं."

"शांतवन!"

रिकाम्या चर्चमध्ये नाव घुमलं. पाळकसाहेब लिहू लागले. सलोमीबाई मात्र दाराकडे बघत, ओ यायची वाट पाहत उभ्या राहिल्या.