सोमवारचं पोट, गुरुवारची छाती

“मॅडम, असं रेकॉर्ड तुमाले पूर्ण भिलाईत नाही भेटत,” तेजरामनं निळी फाईल टेबलावर ठेवली. “एक कागद इकडचा तिकडं नाही. स्टील प्लँटात छत्तीस वर्षं बिघाडाचं रजिस्टर मीच सांभाळलं.”

छातीच्या डॉक्टर मृणालनं फाईल उघडली. पहिलाच कागद पोटाचा निघाला.

तेजरामचा चेहरा पडला. आठ महिन्यांपासून त्याच्या बायकोच्या, गयाबाईच्या, दोन फायली होत्या. पोटाची हिरवी, छातीची निळी. पोट सोमवारी, एका दवाखान्यात. छाती गुरुवारी, दुसऱ्यात. पोटाच्या डॉक्टरसमोर ती खोकली की तो डोळे वटारायचा. इथं ती जेवण जात नाही म्हणाली की तो दटावायचा, “ते सोमवारी सांगजो. दुसऱ्याच्या डिपार्टमेंटात काहून घुसून राहिली?” कोक ओव्हनचा बिघाड कुणी रोलिंग मिलच्या रजिस्टरात लिहितं का?

पोटाच्या डॉक्टरनं दुर्बीण घालून पाहू म्हटलं. तेजरामनं घरी येऊन तिचा चहा आणि तिखट बंद केलं, आणि हिरव्या फायलीवर लिहिलं, ‘ॲसिडिटी. निकाली.’ गयाबाई अठ्ठावन्न किलोवरून बेचाळीसवर आली, तेव्हा तो अख्ख्या जुनवानी वस्तीत सांगत फिरला की गुडघ्यांवरचा लोड गेला. वजन नेमकं कुठल्या डिपार्टमेंटचं, हे त्याला ठरवता येईना. म्हणून ते त्यानं कुठंच लिहिलं नाही.

मृणालनं रक्ताचा रिपोर्ट आणि एक्स-रे शेजारी शेजारी ठेवले. हिमोग्लोबिन सहा. दोन्ही फुप्फुसांत गोल गोल डाग.

“काकू, संडासला काळं होतं का?”

“तीन महिने झाले.”

“मग मला सांगितलं का नाही?”

“गुरुवार होता न.”

तेजराम इकडं कागद वेगळे करायला लागला होता. “सत्यानाश केला! ऑटोत पाडल्या काय गं फायली?”

“पाडल्या नाही. मीच एकात घातल्या,” गयाबाई म्हणाली. “मले वाचता नाही येत. पण पोट न् छाती दोन्ही माह्येच आहेत, एवढं समजते.”

दुर्बीण त्याच आठवड्यात झाली. पोटातला तुकडा तपासायला गेला, सीटी स्कॅन झाला. पुढच्या गुरुवारी मृणालनं दोघांना समोर बसवलं.

“काकू, पोटाचा कॅन्सर आहे. तिथूनच तो फुप्फुसांत पोचलाय. दोन आजार नाहीत, एकच आहे. पूर्ण बरा होणार नाही. पण औषधानं दिवस वाढतील. आजच भरती व्हा. आधी रक्त चढवू.”



“दिवाळीत लेकीचं बाळंतपण आहे,” गयाबाई म्हणाली. “तोवर मले उभं ठेवसान काय?”

“प्रयत्न करू. पण आता एक दिवसही घालवायचा नाही.”

“नाही घालवत. चला.”

“तू काही टेन्शन घेऊ नको, गया,” तेजराम ताडकन उठला. “तुले फक्त झोपून राहायचं आहे. बाकी सगळं मी पाहातो.”

तो छाती काढून काउंटरवर गेला, भरतीचा फॉर्म मागितला, खिशातून पेन काढला. पेशंटचं नाव लिहिलं. वय लिहिलं. आजाराचं नाव लिहायला वाकला आणि तसाच खाली कोसळला. दोन नर्स आणि एक वॉर्डबॉय धावले. बीपी दोनशेच्या वर निघालं.

वॉर्डात त्या दिवशी एकच पलंग रिकामा होता. तो तेजरामला मिळाला. गयाबाईला बाजूचं स्टूल मिळालं, आणि तिचं रक्त उद्यावर गेलं.